तीन उन्हांची वाळू

४ जानेवारी

प्रिय आजी,

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने जोडतेस. मागच्या वेळी मी "नोकरी लागली" म्हटलं तर तू शेजारी "नातीला डोकं लागलं" म्हणून सांगितलंस. म्हणून हे पत्र.

नोकरी खरंच लागली आहे, आणि कुठे, तर तुमच्या जुन्या ट्राम डेपोत! तिथे संग्रहालय होतंय. भंगारातून एक ट्राम सोडवून, रंगवून उभी केली आहे, एकतीस नंबरची. भिंतीवरचे सगळे फलक लिहायचं काम माझं. आजोबा इथेच चालक होते ना? तुझ्या कपाटातला तो फोटो, ज्यात ते ट्रामचं हँडल हातात धरून उभे आहेत, मला दारासमोरच्या भिंतीवर लावायचा आहे. मार्चच्या शेवटी उद्घाटन आहे.

तुला ट्रामबद्दल जे आठवेल ते लिहून पाठव. बाबांना विचारलं तर म्हणाले, "आमच्या घरात ट्रामचं नाव काढायची बंदी होती." का गं?

तुझी,
भिंगरी

११ जानेवारी

माझ्या भिंगरे,

पोस्टमन दारातूनच ओरडला, "आजी, आज लाइटबिल नाही, खरं पत्र आलंय!" मी हात पुसले, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. तीनदा वाचलं. तू सहा वर्षांची असताना पाटीवर मला जोडाक्षरं शिकवलीस, चुकलं की माझा कान धरायचीस. त्या शिकवणीवर हे लिहिते आहे, तेव्हा चुका निघाल्या तर मास्तरीणबाईंच्या.

फोटो लावणार म्हणालीस आणि मला दिवसभर काही सुचलं नाही. शेजारणीला सांगितलं, वाण्याला सांगितलं, दूधवाल्याने न विचारता त्यालाही सांगितलं. लाव गं. दारासमोरच लाव. माणसाने आयुष्यात तेवढी एक गोष्ट मन लावून केली. त्या फोटोत हँडल कसं धरलंय पाहा, जसा काही राजाच. चालकाने ते हँडल कोणाच्या हाती द्यायचं नसे. ट्राम शेवटच्या थांब्यावर गेली की हे हँडल काढून दुसऱ्या टोकाला चालत जायचे, आणि कंडक्टर वरच्या तारेचा दांडा फिरवायचा. की झाली ट्राम उलटी! घोड्यापेक्षा शहाणी.

घोड्यावरून आठवलं. आधी घोड्यांचीच ट्राम होती, माझ्या सासूबाईंनी पाहिलेली. उतारावर घोडा अडला की सगळे उतारू खाली उतरून त्याची समजूत काढायचे. त्यांच्यासाठी इस्पितळाच्या उताराखाली पाण्याचं दगडी टाकं बांधलं होतं. घोडे गेले, टाकं राहिलं. मग साहेब लोकांनी विजेची आणली. आणली म्हणजे काय, त्यांच्या देशात वापरून जुनी झालेली जहाजात घालून इकडे धाडली. आत पितळेच्या पाट्या, त्यांच्या भाषेत. एकालाही वाचता येत नसे. तुझे आजोबा म्हणायचे, "थुंकू नका, असंच असणार. आपल्याला दुसरं काय सांगतील?"

पुढचे दोन बाक गादीचे. ते साहेबांचे. रिकामे असले तरी आपण मागे लाकडी फळीवर बसायचं, नाहीतर लोंबकळायचं. पाऊल पुढे टाकलं की कंडक्टरला घंटा वाजवून ट्राम थांबवायची सक्ती होती.

आणि तुला एक सांगू? मीही डेपोत होते! वाळूखान्यात. आम्ही सहा बायका. चढ-उतारावर ट्रामचं चाक घसरायला लागलं की चालक पायाने कळ दाबतो, मग पेटीतली वाळू नळीतून रुळावर पडते आणि चाक धरतं. ती वाळू कोरडी ठणठणीत लागते. साहेबांच्या काळी ती भट्टीवर भाजायचे. साहेब गेले, भट्टीचा कोळसा बंद झाला, मग आम्ही अंगणात उन्हात घालायला लागलो. तीन उन्हं द्यायची, रोज उलथायची, चाळायची, आणि पेटीत भरण्याआधी मूठ करून बघायची. मूठ उघडल्यावर वाळू भुरभुर गळाली तर भर. बोटांचे ठसे धरून गोळा राहिला तर परत उन्हात. फलकावर हे कशाला घालतेस, वाळूचं कोणाला काय. पण होते मी तिथे.

घरात बंदी का, म्हणतेस. एक अपघात झाला होता. ब्रेक खराब होता. चौकशी झाली आणि ह्यांना चालकाच्या कामावरून काढून ट्रामचे डबे धुवायला लावलं, ट्राम बंद पडेपर्यंत. मी त्या दिवशी घरी होते, मला नीट माहीत नाही. एवढं आठवतं, हे घरी आले आणि नळाखाली बसून नखं घासत राहिले. मी पाणी ओतू म्हटलं तर माझ्या हातातलं भांडं हिसकावून घेतलं. असं कधी करत नसत.

असो. तुझ्यासाठी मोजे विणलेत, एक जरा मोठा झालाय. त्यात मोठा पाय घाल.

एकतीस नंबरचीच का गं ट्राम वाचली?

तुझी,
आजी

२२ जानेवारी

प्रिय आजी,

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. मूठ करून वाळू बघायची, हे ऐकून आमच्या मुख्य बाई उठून उभ्याच राहिल्या. वाळूवर वेगळा फलक करायचा म्हणतात.

पण एक गोष्ट झाली आहे. कशी सांगू कळत नाही.

तुमच्या वेळचे एक कंडक्टर अजून आहेत. सगळे त्यांना किणकिणदादा म्हणतात. डेपोपासून दोन गल्ल्या सोडून राहतात, परवापरवापर्यंत घड्याळं दुरुस्त करायचे. एक पाय लाकडी. उद्घाटनाची घंटा त्यांच्या हातून वाजवायची ठरलं होतं. मी हौसेने सांगितलं की मी अमक्याची नात. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "तू गोड पोरगी आहेस, तुझं काही नाही. पण त्याचा फोटो भिंतीवर असेल तर मी दारातूनच मागे फिरेन. वाळूची पेटी न भरता उतारावर ट्राम घातली त्याने. माझा पाय घोड्याच्या टाक्यापाशीच राहिला."

मी म्हटलं, ब्रेक खराब होता. ते हसले. "घरी तसं सांगितलं होय? कागदांना विचार."

आजी, मी कागदांना विचारलं. पत्र्याच्या ट्रंकेत चौकशीची फाइल आहे, साहेबांच्या भाषेत. आमच्याकडे ती जाणणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी वाचून दिली. ब्रेक व्यवस्थित होता. वाळूची पेटी पूर्ण रिकामी होती. आणि आजोबांनी स्वतः कबूल केलंय की ते पेटी भरून घ्यायला विसरले. गाडी तीच आहे, एकतीस नंबरची.

मुख्य बाई म्हणतात, अपघात लपवून फोटो लावता येणार नाही. लावायचा तर खाली "चालकाच्या हलगर्जीपणामुळे" असं लिहावं लागेल. नाहीतर फोटो नकोच. तू म्हणशील तसं करू. मोजे मिळाले.

तुझी,
भिंगरी

९ फेब्रुवारी

भिंगरे,

पेटी रिकामी होती असं कोण म्हणतं? कोणी उघडून पाहिली? लगेच पाहिली की मागाहून? तुमचे ते गृहस्थ नीट वाचतात ना? की पाट्या वाचणाऱ्यांपैकीच आहेत?

चौकशीचा कागद घरी आला होता, आपल्या भाषेत लिहिलेला. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. ह्यांनी समोर धरून वाचून दाखवला, "ब्रेक खराब होता, कोणाचा दोष नाही." मी दोनदा वाचायला लावला. दोनदा तेच वाचलं.

मला सगळं लिहून पाठव. जसंच्या तसं. हलगर्जीपणा हा शब्द तोवर कुठे लिहू नकोस.

आजी

१६ फेब्रुवारी

प्रिय आजी,

तुझं एवढं छोटं पत्र मी कधी पाहिलं नव्हतं. तब्येत बरी आहे ना?

अपघात दुपारी झाला. रस्ता धुणारी पाण्याची गाडी नुकतीच गेली होती, रूळ ओले होते. चाकं घसरली, वळणावर ट्राम रुळावरून उतरून दगडी टाक्याला घासली. मागच्या ब्रेकवर उभे असलेले किणकिणदादा त्यात सापडले. ट्राम ओढून डेपोत आणली, तोवर आणि नंतरही आजोबा तिच्याजवळच होते. पेटी तपासली ती दुसऱ्या दिवशी सकाळी.

आजोबांचं म्हणणं असं लिहिलंय: "पेटी भरून घेणं माझं काम. त्या दिवशी घाईत मी वाळूखान्यात गेलोच नाही. वाळूखान्यातल्या बायकांचा याच्याशी काही संबंध नाही." वाचणारे गृहस्थ म्हणाले, शेवटचं वाक्य गमतीचं आहे, कारण बायकांबद्दल त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

आणखी एक. मागे उतारूंची यादी आहे. गादीच्या पहिल्या बाकावर: "चालकाची पत्नी, इजा नाही."

आजी, तू तर घरी होतीस म्हणालीस.

भिंगरी

२८ फेब्रुवारी

भिंगरे,

चार वेळा कागद घेतला आणि चार वेळा दुसरंच काहीतरी लिहून फाडला. एकदा तर शेजारणीच्या मांजरीवर दोन पानं झाली. आता मुद्द्याला येते. चहा करून येते. आले.

मी एकोणीस वर्षांची होते. साहेब जाऊन वर्षही झालं नव्हतं. डेपोत हुकूम आला की गादीचे बाक सगळ्यांना खुले. तुझे आजोबा मला म्हणाले, "दुपारच्या फेरीला ये. पहिल्या बाकावर बसवतो तुला. माझ्या पाठीशी." मला रात्रभर झोप नाही. ज्या बाकाची गादी मी फक्त झाडताना पाहिली होती, त्यावर बसायचं! नवे कपडे काढून ठेवले, डोक्याला बांधायला पिवळा रुमाल काढला.

सकाळी कामावर होते. एकतीस नंबरची पेटी माझ्याकडे होती. कोरडी वाळू आदल्या दिवशीच संपलेली. उरला होता दोन उन्हांचा ढीग. वर हात फिरवला तर कोरडा लागला. आतून उपसून मूठ करून बघायला हवी होती. पण केस विंचरायचे होते, कपडे बदलायचे होते, फेरी चुकली असती. मी मूठ केली नाही. भरली पेटी आणि पळाले.

माझ्या हाताने भरली, भिंगरे. काठोकाठ. ती रिकामी कशी असेल?

मी बाकावर बसले आणि असं वाटलं की अख्खं शहर माझ्यासाठी बाजूला सरतंय. किणकिणदादा मुद्दाम माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाईसाहेब, तिकीट?" मी म्हटलं, "चालकाला विचारा, माझा नोकर आहे तो." हे पाठमोरेच हसले, मान हलली तेवढी दिसली. दोघं भावासारखे होते. एका डब्यातून जेवायचे. दादाचं घंटा वाजवणं असं की आंधळ्यानेही ओळखावं कोणाची ट्राम आली, म्हणून तर ते नाव.

मग उतार आला. मी त्यांच्या पायाकडेच बघत होते. कळ दाबली. पुन्हा दाबली. पुन्हा. मग टाच आपटायला लागले. खाली काही पडत नव्हतं. ओलसर वाळू नळीत गोळा होऊन बसते, भिंगरे. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं.

दादाचा आवाज मी सांगणार नाही.

मला काही झालं नाही. रुमालसुद्धा सुटला नाही.

पुढे तो कागद आला आणि ब्रेक म्हणाले, तेव्हा मी आत जाऊन खूप रडले आणि मग मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी मी दोन माणसांचं जेवण जेवले. वाटलं, वाळू चांगलीच असेल, उगाच आपण मनाला लावून घेतलं. एवढी वर्षं ते धरून जगले. तुला घरी होते म्हणून लिहिलं, तेही इतक्या सहज लिहिलं गेलं की मलाच खरं वाटलं.

आता कळतंय नखात काय होतं. त्या माणसाने डेपोत बसून ती पेटी उपसली. नळीतला गोळा बोटांनी कोरून काढला. सहा बायकांतली कोण, हे लगेच कळलं असतं, प्रत्येकीची पेटी ठरलेली होती. मग गेले आणि म्हणाले, मी भरलीच नाही. दादाचा पाय स्वतःच्या अंगावर घेतला, आणि घरी येऊन मला ब्रेक वाचून दाखवला. मला भांडं धरू दिलं नाही, मी नखं पाहीन म्हणून.

मला राग येतोय त्यांचा. मला कोणी विचारलं होतं? मी दादाच्या पायाशी जाऊन पडले असते. कदाचित नसतेही पडले. तेवढंही मला कळू दिलं नाही.

हे पत्र दादाला वाचून दाखव. त्याला आता दिसत कमी असेल, मोठ्याने वाच. मांजरीचं वगैरे गाळू नकोस, गाळलं की त्याला वाटेल आणखीही काही गाळलंय. फोटो लावा म्हणून हे लिहीत नाही. फोटो तर लागायलाच हवा आता, पण खाली जे लिहायचं ते माझ्याबद्दल लिही.

आजी

१२ मार्च

वहिनी,

हात थरथरतो म्हणून तुमच्या नातीकडून लिहवून घेतोय. तिला सांगितलंय, मी बोलेन तसंच लिही, गोड करू नकोस.

तुमचं पत्र तिने दोनदा वाचलं. पहिल्यांदा मी तिला घराबाहेर काढलं. ती पायरीवर बसून राहिली, तुमच्यावरच गेलीय. मग पुन्हा आत बोलावलं.

पाय तर तेव्हाच गेला. त्याचं रडणं मी तेव्हाच रडून घेतलं. लाकडाच्या पायाला निदान मुंग्या येत नाहीत. पण वहिनी, त्या माणसाला मी जन्मभर रस्त्यात पाहून मान फिरवली. तो दरवेळी थांबायचा. मी पुढे जाईपर्यंत थांबायचा. मला वाटायचं, लाज वाटते म्हणून थांबतो. दुकानाच्या काचेतून मी त्याला पाठमोरा जाताना पाहायचो आणि म्हणायचो, जा. तो गेला तेव्हाही मी आलो नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो, तिथून परत गेलो.

तुम्ही वाळू ओली भरलीत, चूक झाली. एकोणीस वर्षांची पोर, नवे कपडे, मला नाही त्यात राग धरता येत. मीच "बाईसाहेब" म्हणत होतो. पण माझा मित्र तुम्ही दोघांनी मिळून माझ्यापासून घेतला. त्याने खोटं बोलून आणि तुम्ही न विचारता. ते मला माफ करता येईल की नाही, ठाऊक नाही. नव्वदीला टेकलोय, घाईने सांगता येत नाही.

फोटो लावा. मी येईन. हलगर्जीपणाचा शब्द मी खोडायला लावलाय. पोरीने खाली काय लिहायचं ते तुम्हाला विचारावं.

एक अट आहे. ती एकतीस नंबरची त्या दिवशी आवारात वीस पावलं चालवणार आहेत. सपाट जमीन, वाळूचं काही काम नाही. तरी तिची पेटी मला रिकामी बघवणार नाही. तुम्हीच वाळू वाळवून आणा. पेटीत घालण्याआधी मूठ मी बघणार.

(दादांनी सही म्हणून घंटा काढ म्हणून सांगितलं. काढली आहे. — भिंगरी)

२३ मार्च

माझ्या भिंगरे,

बांधकामावरून दोन पाट्या वाळू आणवली. मुकादम म्हणाला, "आजी, बंगला बांधता काय?" म्हटलं, नाही रे, जुनं काम राहिलंय. गच्चीवर जुनी चादर अंथरली आहे. शेजारीण वाळवणाच्या दिवसांत वाळू वाळवणारी म्हातारी बघायला येते, येऊ दे.

फोटोखाली असं लिही. "एकतीस नंबरच्या ट्रामचा अपघात वाळू ओली असल्यामुळे झाला. ती वाळू चालकाच्या बायकोने भरली होती. चालकाने हे माहीत असून सांगितलं नाही." बस. तो चांगला होता वगैरे लिहू नकोस. वाचणाऱ्याला काय वाटायचं ते वाटू दे. मलाच अजून ठरवता येत नाही. परवा फोटोशी भांडले, काल त्याची काच पुसली.

मुख्य बाईंना सांग, मला गादीच्या बाकावर बसवायचं मनात आणू नका. दादाला बसवा. मी मागे फळीवर बसेन, तिथून त्याचा हात दिसेल. घंटा तशीच वाजवतो का, ते मला ऐकायचंय. ते मला पूर्ण ऐकू येईल, जोडावं लागणार नाही.

बाबाला सांगितलंस का? मीच सांगते. त्यालाही घेऊन येते, पिशवी जड आहे.

वाळूला आज तिसरं ऊन झालं. उलथली, चाळली. सकाळी मूठ करून पाहिली, दुपारी पाहिली, आत्ता उन्हं उतरताना ढिगाच्या तळातून उपसून पाहिली. उघडली की सगळी गळून जाते, एक कण हाताला राहत नाही.

तरी उद्या पुन्हा उन्हात घालते.

तुझी,
आजी